सावलीतलं उन्हात वाळवलं

अन्याय अनंत जाधव यांच्यावर झाला. मार्चमधल्या शेवटच्या मंगळवारी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, आमच्या गावच्या शाळेच्या पटांगणात, मांडवाखाली, सगळ्यांच्या देखत. वेळ मी इतकी नेमकी सांगू शकते, कारण पंचनाम्यात तीच लिहिलेली आहे. अन्याय करणाऱ्यांची यादी करायला बसले तर पहिलं नाव साहेबांचं येत नाही, खाणवाल्याचंही येत नाही. ते सांगणारच आहे. पण अनंतकाका, आधी तुमच्याशी भांडायचं आहे.

तुम्ही गेलात त्याला आज अकरा दिवस झाले. विहारात पुण्यानुमोदनाला सरपंच आले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात निशिगंधाचा हार. माईक घेतला आणि म्हणाले, "आपल्या गावातला निसर्गाचा पुजारी हरपला." पुजारी! बुद्धाच्या मूर्तीसमोर उभं राहून तुम्हाला पुजारी म्हणाला तो माणूस आणि मागच्या रांगेतला एकही माणूस खोकलासुद्धा नाही. पंचनाम्यावर पाच सह्या आहेत, त्यात पहिली याच माणसाची. डोंगरावरच्या आपल्या सड्यावर जिवंत काही नाही, असं त्या कागदावर लिहिलंय. त्याखाली सही करायची आणि महिनाभरात येऊन सड्यावर जन्म घालवलेल्या माणसासाठी डोळे पुसायचे. मी उठून बोलणार होते. काकूंनी माझा हात धरला. "आज नको गो," म्हणाल्या. म्हणून आज या साप्ताहिकात लिहितेय.

ज्यांना तुम्ही ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. काका तालुक्याच्या गावी एका कॉलेजात वनस्पतीशास्त्राच्या प्रयोगशाळेत अटेंडंट होते. बाटल्या धुवायच्या, काचपट्ट्या मांडायच्या, पोरांनी फोडलेलं गोळा करायचं. सड्यावरची अर्धी झाडं प्राध्यापकांनी ओळखली ती काकांनी आणून दिल्यावर. त्यांच्या लेखात काकांचे आभारसुद्धा नाहीत. हे मी चिडून बोलले की तुम्ही म्हणायचात, "झाडाला कुठं म्हाईत, कोणी लिवलं ते?" मला तुमचा हा शांतपणा कधीच पटला नाही. आजही पटत नाही. तुम्ही शांत राहिलात म्हणून लोक तुमच्या डोक्यावर पाय देऊन गेले आणि तुम्ही त्यांना खांदा वाकवून दिलात.

दोन वर्षांपूर्वी सड्यावर जांभ्याच्या चिरेखाणीसाठी अर्ज लागला तेव्हा मी तुमच्याकडे आले ती पत्रकाला मजकूर मागायला. आठवतं का? तुम्ही पडवीत बसून छत्रीचं कापड उसवत होतात. मी उभ्या उभ्याच विचारलं, "काका, आपल्या सड्यावर दुर्मिळ काय हाय ते चार ओळींत सांगा. उद्या छापायला द्यायचंय."

"चार ओळींत बसंल तर दुर्मिळ कसलं?"

"मग आठ घ्या."

"चपला घाल. वर चल."

एप्रिलची दुपार होती. वर पोचेस्तोवर माझ्या तोंडाला फेस आला. सडा म्हणजे काय ते इथल्यांना सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगते, डोंगरमाथ्यावरचा सपाट जांभा, मैलभर पसरलेला, वर मातीचा थर नखाएवढा. पावसाळ्यात त्यावर फुलांची चादर असते, तेव्हा मोबाईल घेऊन सगळे येतात. एप्रिलमध्ये कुणी फिरकत नाही. मला काळा कातळ दिसला आणि त्यावर इथे तिथे तांबूस, चुरगळलेला कचरा. तुम्ही त्यातल्या एकाजवळ उकिडवे बसलात. मुठीएवढा गोळा, वाळून कडक. बोट लावलं तर मोडेल असा.

"हा मिट्या."

शास्त्रीय नाव तुम्हाला पाठ होतं, माझ्यापाशी मात्र तुम्ही त्याला मिट्याच म्हणायचात, शेजारचा कुणी असल्यासारखं. नेच्याच्या जातीतलं, जमिनीला चिकटून वाढणारं, ना फूल ना फळ. तुम्ही प्यायच्या बाटलीतलं अर्धं पाणी त्याच्यावर ओतलंत आणि उठलात.

"मग?"

"मग उद्या ये."

मी मनात शिव्या घातल्या. दुसऱ्या दिवशी तरीही गेले, कारण मला हरायला आवडत नाही. मूठ उघडली होती. तळहाताएवढं हिरवं, ओलं, जिवंत काहीतरी कातळावर पसरलं होतं आणि आजूबाजूला सगळा सडा तसाच करपलेला. मी पत्रकात लिहिलं, 'मेलेलं जिवंत होतं.' तुम्ही वाचून कागद परत दिलात. "मेलेला कदीच नव्हता. खोड ह्ये."

खोडलं नाही मी. छापून झालं होतं.

मग हळूहळू मला कळलं तुम्ही वर काय करत होतात ते. आंब्याच्या रोपवाटिकेतली हिरवी जाळी, जुन्या छत्रीचं कापड, चार दगड. मिट्याच्या एका ठिगळावर जाळीचा एक पदर, दुसऱ्यावर दोन, तिसऱ्यावर तीन, चौथं उघडं. पावसाळा सरला की वाळायला सुरुवात होते तेव्हापासून तुम्ही दर दोन दिवसांनी जायचात. काडेपेटीएवढा तुकडा कापून कॉलेजच्या मोडीत निघालेल्या काट्यावर तोलायचात, पाण्यात ठेवायचात आणि वहीत लिहायचात: उठला, किंवा नाही उठला. एवढंच. सतरा वह्या आहेत.

"सगळं वाळतंच ना शेवटी?" मी विचारलं होतं. "मग सावलीत वाळलं काय नि उन्हात वाळलं काय!"

तुम्ही हसलात. तुमचं ते हसू मला राग आणायचं. "बाय, वाळलेल्याला ऊन मारत नाय. वाळताना मारतं."

आणि मग तुम्ही समजावून सांगितलंत, मी लिहून घेतलं, म्हणून शब्द तुमचेच आहेत. पानात पाणी असतं तोवर पान ऊन खातं नि पचवतं. पाणी कमी होत गेलं की खाणं चालूच ऱ्हातं, पचवणं बंद पडतं. न पचलेलं ऊन आतल्या आत जाळत सुटतं. म्हणून सड्यावरचा मिट्या मूठ वळतो. हिरवी बाजू आत घेतो, तांबूस पाठ उन्हाला देतो. वाळण्याआधी त्याची तयारी झालेली असते. तोच मिट्या खाली वहाळाच्या म्हणजे ओढ्याच्या काठाला, काजूच्या गर्द सावलीत असतो. जात तीच, पण अंग वेगळं. त्याने कडक ऊन कधी बघितलेलं नसतं. त्याची पाठ लाल होत नाही, मूठ सावकाश वळते. त्याला तीन पदरांखाली सावकाश वाळू दिलंत तर तो उठायचा. एका पदराखाली काही उठायचे, काही नाही. उघड्यावर एकही नाही. आणि उलटंही तुम्ही करून बघितलं होतंत: वरच्या मिट्याला पावसाळाभर तीन पदरांत लाडात वाढवलं आणि वाळायच्या दिवसांत जाळी काढून घेतली. तोही गेला. "सवय मोडली त्याची," म्हणालात. त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत असं काकूंनी सांगितलं मला. एका मुठीएवढ्या झाडासाठी!

याच्यावरूनच आपलं पहिलं मोठं भांडण झालं. मी 'एक घर, एक झाड, हिरवा सडा' असं पत्रक काढलं होतं. शंभर रोपं मिळाली होती, पोरं तयार होती. तुम्ही सड्याच्या वाटेवर आडवे उभे राहिलात.

"सड्यावर झाड लावू नको."

"काका, लोक झाडाला भुलतात! तुमच्या मिट्याला कोण भुलतंय?"

"भुलायचं कशाला? झाड लावलंस की सावली पडंल. सावली पडली की ह्याचं अंग बदलंल. मंग एक दिवस कोण ते झाड तोडंल. मंग ह्यो वाळताना मरंल. त्याला उघडं ऱ्हायाचं हाय, ऱ्हावंदे."

"तुम्हाला जिंकायचंच नाही."

"मला खोटं सांगून जिंकायचं नाय."

रोपं आम्ही शाळेच्या कुंपणाला लावली. मी आठ दिवस तुमच्या अंगणातून न जाता मागच्या पाणंदीने जायची. तुम्ही हाक मारली नाहीत. तुमची हीच खोड. भांडण झालं की तुम्ही गप्प व्हायचात आणि माझं सगळं बोलणं हवेत लोंबकळत राहायचं.

आता त्या मंगळवारावर येते.

खाणीच्या अर्जावर पाहणी ठरली. वरच्या कचेरीतून येणाऱ्या साहेबांनी कळवलं की उन्हाचं सड्यावर येणं होणार नाही, शाळेच्या पटांगणात बसून म्हणणं ऐकू. मी पत्रक काढलं, 'सडा जिवंत आहे, डोळ्यांनी बघा.' साहेब वर येत नाहीत तर सडा खाली आणू, असं मीच ठरवलं. तुम्हाला ते पटलं नव्हतं. पण तुम्ही म्हणालात, "बरं. आणतेस तर वरचाच आण. पांढऱ्या दगडाच्या खुणेपासचा. जिथं वाळलाय तिथून तसाच अलगद उचल, खालच्या मातीसकट. सकाळी मी पाणी घालीन." तुमचा गुडघा सुजला होता, नाहीतर तुम्हीच गेला असतात.

मी वर गेले नाही.

हे वाक्य मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. तुम्हालाही नाही. मी वर गेले नाही, कारण वरचा मिट्या खुरटा. मुठीएवढा, तांबडा, साहेबांच्या टेबलावर कचऱ्यासारखा दिसेल असं मला वाटलं. वहाळाच्या काठचा परातीएवढा पसरलेला होता, पोपटी, देखणा. तो उठताना बघून लोकांचे डोळे फाटतील असा हिशेब मी केला. पण तो अजून ओला होता आणि पाहणी चार दिवसांवर आली होती. मग मी काय केलं? आमच्या घरात जे करतात तेच. स्लॅबवर जुनी साडी अंथरली, एका बाजूला आईची आंबापोळीची ताटं होती, दुसऱ्या बाजूला सुकटीच्या टोपल्या, मधे मी मिट्याच्या ढपल्या मांडल्या. उघड्या उन्हात. आमच्याकडे वाळवायचं म्हणजे कडक उन्हात, हे दूध पिताना शिकवलेलं असतं. सावलीत वाळवलेलं नासतं, त्याला बुरा येतो, वास येतो. दोन वर्षं तुमच्या जाळीचे पदर मोजणारी मी, घरच्या स्लॅबवर गेल्यावर सगळं विसरले. आईने दुपारी त्या पालटल्यासुद्धा. "दोन्ही बाजूंनी वाळूंदे, नायतर आतून कच्चं ऱ्हायल," म्हणाली. हिरवी बाजू आभाळाकडे करून ठेवली. मी बघितलं आणि तिला म्हटलं, "बरं केलंस."

चौथ्या दिवशी छान कडक झालं होतं. वाजत होतं हातात.

मंगळवारी सकाळी तुम्ही आठ वाजता पटांगणात आलात, धुतलेला सदरा, खिशात वही. मी परात पुढे केली. तुम्ही बघितलंत. बोटाने ढपली उलटी केलीत. आकार बघितला, पाठीचा रंग बघितला. माझ्याकडे बघितलंत.

"कुठून आणलंस ह्ये?"

"तुम्ही सांगितलंत तिथून."

तुम्ही दुसऱ्यांदा विचारलं नाहीत. का नाही विचारलंत? एक शब्द ओरडला असतात, 'खोटं बोलू नको' म्हणून थोबाडीत दिली असतीत, तरी अजून तीन तास हातात होते. मी धावत वर जाऊन खरा आणला असता. तुम्ही परातीत पाणी ओतलंत आणि बाकावर बसून राहिलात. तुम्हाला माझ्यावर विश्वास ठेवायचा होता. माणसाने इतकं भलं असू नये, काका. आजूबाजूच्यांना त्याचा त्रास होतो.

अकराला साहेब आले. खाणवाल्याकडून कोकमाचं सरबत आलं, बर्फ घालून. सगळ्यांनी घेतलं. विरोधात आलेल्यांनीसुद्धा घेतलं, मी बघत होते. मग साहेब म्हणाले, "दाखवा बघू तुमची संजीवनी."

मिट्या उघडला होता. ही गोष्ट वाचणाऱ्यांनी नीट समजून घ्यावी, कारण तिथे बऱ्याच जणांना वाटलं जिंकलो. आमच्या पोरांनी टाळ्याही वाजवल्या. पण कडक पापड पाण्यात टाकला तर तोही मऊ होऊन पसरतो. मेलेला मिट्याही पाण्याने फुगून उघडतो. उघडणं म्हणजे उठणं नव्हे. तो उघडला होता तपकिरी, लिबलिबीत आणि परातीतलं पाणी कोऱ्या चहासारखं झालं होतं. आतलं सगळं बाहेर आलं होतं. तुम्ही त्या पाण्याकडे बघत होतात. पानाकडे नाही, पाण्याकडे.

साहेब वाकले. "उघडलंय खरं. पण हिरवं कुठाय?"

मग ते तुमच्याकडे वळले.

"तुम्ही कुठले डॉक्टर?"

"डॉक्टर नाय साहेब. लॅबमध्ये अटेंडंट होतो."

मागून कोणीतरी म्हणालं, "शिपाई शिपाई!" आणि हशा पिकला. कोण म्हणालं ते मला माहीत आहे. तो हे वाचेल, त्याच्या घरी हे साप्ताहिक जातं.

"मग हे जिवंत आहे का मेलेलं, तुमच्या मते?"

तुम्ही उभे राहिलात. गुडघ्याला हात लावून. मला वाटलं आता सांगणार, ही पोर खोटं बोलली, हा सड्यावरचा नाही. सांगायला हवं होतंत.

"मेलाय साहेब. वाळवण्यात चूक झाली. माझी चूक."

अकरा वीस. लिहून घेतलं. 'प्रात्यक्षिकात वनस्पती मृत आढळली. सड्यावर उन्हाळ्यात जिवंत वनस्पती नाही असे स्थानिक जाणकारांनीही मान्य केले.' तुम्ही असं काही मान्य केलं नव्हतंत. तुम्ही एका परातीबद्दल बोललात, त्यांनी मैलभर सडा त्यात घातला. पाच पंचांनी न वाचता सह्या ठोकल्या आणि उरलेलं सरबत प्यायले.

आणि मी? मी घोषणा देत होते. 'विकले गेले, विकले गेले' म्हणून ओरडत होते. गळ्याच्या शिरा तटतटलेल्या, मूठ वर. माझ्याइतकी नामर्द माणूस त्या मांडवात दुसरी नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी पत्रक काढलं. खाणवाल्याच्या माणसांनी परातीत गरम पाणी ओतलं, असं लिहिलं. छापलं, वाटलं, बाजारात खांबाखांबाला चिकटवलं. ते खोटं होतं. मी आज इथे लिहून देते की ते खोटं होतं, ते माझ्या डोक्यातून आलं आणि मी ते मागे घेते. खाणवाल्याशी माझं वैर आहे आणि राहील, पण परातीतला मिट्या त्याने मारला नाही. मी मारला.

तुम्ही ते पत्रक हातात घेऊन आमच्या दारात आलात.

"ह्ये खरं?"

"लढाईत चालतं काका."

"माझ्या वहीत नाय चालत."

"तुमच्या वहीने सडा वाचणार आहे का? सतरा वह्या भरल्यात, काय उपटलं?"

हे मी तुम्हाला बोलले. शेवटचं. तुम्ही पत्रकाची घडी घातलीत, व्यवस्थित, चौकोनी, आणि आमच्या ओट्यावर ठेवून गेलात. त्यानंतर तीन आठवडे मी पुन्हा पाणंदीने गेले. तुम्ही हाक मारली नाहीत आणि मग तुम्हाला हाक मारताच आली नाही.

माफी वगैरे मागणार नाही. मेलेल्या माणसाकडे माफी मागणं सोपं असतं, तो नाही म्हणत नाही.

काकूंनी मला शेवटची वही दिली. "तुझंच नाव घेत होते," म्हणाल्या. "काय म्हणून?" विचारलं तर म्हणाल्या, "चिडून नाय गो. जाळीचं विचारत होते, कोण घालील म्हणून." मी वही उघडली ती त्या मंगळवारच्या पानावर. तुमचं बारीक, सरळ अक्षर. वहाळाकाठचा नमुना. स्लॅबवर, पदर शून्य, चार दिवस. दुपारी पालटला, हिरवी बाजू वर. नाही उठला. पाणी तपकिरी.

म्हणजे तुम्हाला सगळं माहीत होतं. पालटल्याचंसुद्धा. मी आईला विचारलं. ती म्हणाली, "आलेले बुधवारी. तू बाजारात होतीस. आंबापोळी कशी वाळवता म्हणून विचारत होते, मी सांगितलं सगळं. चहा प्याले." ज्या बुधवारी मी तुमच्या नावाने खोटं खांबाला चिकटवत होते, त्या बुधवारी तुम्ही आमच्या ओट्यावर बसून माझी चूक नीट मोजून घेत होतात.

आणि त्याच्याखाली एक ओळ. 'चूक माझी. सांगितले, पण तिला हाताने करायला लावले नाही.'

ही ओळ मी मान्य करत नाही. ऐकताय का? वहीत खोटं चालत नाही म्हणणारे तुम्ही, इथे स्वतःच्या हाताने खोटं लिहून गेलात. तुम्ही मला सांगितलं होतंत, दाखवलं होतंत, पदर मोजायला लावले होतेत. मला सगळं येत होतं आणि मी आळस केला, वर दिखाऊपणा केला. तुमच्या भलेपणाखाली मला लपायचं नाहीये. मी त्या ओळीवर रेघ मारलीय, पेनाने, तुमच्या वहीत. खाली माझं नाव लिहिलंय. तुम्ही रागावला असतात. रागवायला हवं होतंत, कितीतरी आधी.

गेल्या शुक्रवारी मी सड्यावर गेले. एकटी नाही, काकू होत्या, आई होती आणि आमच्या शाळेच्या बाई होत्या. पांढऱ्या दगडाच्या खुणेपासच्या मिट्याला हात न लावता, जिथे आहे तिथेच, बाटलीभर पाणी घातलं. शनिवारी चौघी परत गेलो. हिरवा. बाजूच्या खळग्यात पाणी साचलं होतं ते स्वच्छ, तळ दिसत होता. आई खाली वाकून बघत म्हणाली, "ह्याला कोणी पालटलं नाय म्हणून." काकू रडल्या नाहीत. त्या उन्हात बसून तुमची जाळी शिवत होत्या, एक पदर फाटला होता.

बाईंनी तारीख, वेळ, जागा लिहिली, फोटो काढले, चौघींनी सह्या केल्या. हा कागद मी कचेरीत दिला. तिथल्या माणसाने विचारलं, "आधीच्या पंचनाम्याचं काय? त्यावर पाच पंच आहेत, तुमच्या बाजूला चार बायका." असं म्हणाला, तोंडावर. म्हणजे सडा जिवंत आहे का मेलेला, ते सड्यावर ठरणार नाही. त्या पाच सह्या उभ्या आहेत तोवर तो मेलेलाच. हरकतीची मुदत येत्या सोमवारी संपते. मंगळवारपासून जांभ्यावर कटर चालवायला वाट मोकळी होईल आणि एकदा वरचा हातभर थर कापून निघाला की मग ऊन किती नि सावली किती, हे विचारायला तिथे कुणी उरणार नाही.

काका, तुम्ही असतात तर पंचांना काही म्हणाला नसतात. म्हणून हा शेवट तुमच्याशी नाही बोलत.

वाचणाऱ्यांशी बोलते. पंचनाम्यावर सही करणारे पाचही जण याच गावातले आहेत. त्यातला एक तुमचा भाऊबंद आहे, नाहीतर शेजारी आहे, नाहीतर तुमच्या पोराच्या लग्नात पंगतीला वाढायला होता. एक सरपंच आहे, त्याला तुम्ही मत दिलंय. परातीतला मिट्या मी मारला, हे मी कबूल केलं; आता त्यांनी कबूल करायचं की न बघता, वर न जाता, अख्ख्या सड्याला मेलेला म्हणून सही केली. साधा अर्ज, चार ओळी: आम्ही सड्यावर गेलो नव्हतो, आमची सही मागे घेतो. तेवढंच लिहून सोमवारी दहा वाजता कचेरीत द्यायचं आहे. मी त्यांच्या दारात गेले तर ते दार लावून घेतील. तुम्ही गेलात तर त्यांना उघडावं लागेल. हा अंक खाली ठेवा आणि त्या पाचांतला जो तुमचा आहे त्याच्या घरी आज जा.